तांत्रिक कारणामुळे

निवृत्त माणसाच्या हाती संगणक आणि हाउसिंग सोसायटीचं सेक्रेटरीपद या दोन गोष्टी एकदम देऊ नयेत, असा एखादा नियम उपविधीत असायला हवा होता. तो नाही. त्यामुळे २०१६ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि पुढच्याच वार्षिक सभेत, मी चहा घ्यायला उठलो असताना, माझी एकमताने निवड झाली.

पहिली काही वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवली. मग लक्षात आलं की आपल्या सोसायटीतल्या निम्म्या तक्रारी पाण्याच्या आहेत. गच्चीवरच्या टाकीतून अकरा पाइप खाली उतरतात. प्रत्येकाला गच्चीत एक व्हॉल्व्ह. कुठला पाइप कुणाच्या मोरीत जातो आणि कुणाच्या स्वयंपाकघरात, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक, बिल्डरचा प्लंबर, जो वारला. आणि दुसरा आमचा वॉचमन, जो बहुतेक वेळ झोपलेला असे. हे ज्ञान असं दोन नश्वर देहांत अडकून पडावं हे माझ्या बँकेतल्या मनाला पटेना. मी ठरवलं, याची एक आकृती काढायची.

आकृत्या काढायचा व्हिजिओ नावाचा एक प्रोग्रॅम असतो. चौकोन, गोल, बाण, पाइप, सगळं त्यात तयार मिळतं. आपण उचलून कागदावर ठेवायचं. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी ज्याचा हात धरून वर्गाबाहेर काढलं होतं अशा माणसाला हे स्वर्गसुखच. तीन आठवड्यांत मी टाकी, अकरा पाइप, अकरा व्हॉल्व्ह आणि बावीस बिऱ्हाडं रंगीत रेषांनी जोडून टाकली. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, छान दिसतंय. रांगोळीला घेऊ का?”

पण या प्रोग्रॅममधली खरी गंमत वेगळीच आहे. कुठल्याही आकृतीला दुवा लावता येतो. म्हणजे व्हॉल्व्हच्या चित्रावर टिचकी मारली की त्या व्हॉल्व्हची सगळी माहिती असलेला दुसरा कागद समोर उघडतो. दुवा हा शब्द मला पूर्वीपासून आवडतो. आमच्या लहानपणी दुवा फकिराकडून मिळायचा आणि तो फुकट नसायचा. आता तो कंट्रोल आणि के या दोन कळा दाबून आपणच देऊ शकतो. मी सढळ हाताने अकरा दुवे दिले. प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक कागद: गच्चीत तो कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरवायचा, बंद केल्यावर कुणाकुणाचं पाणी जातं, आणि माझ्या हाताने काढलेला फोटो.

कमिटीसमोर प्रात्यक्षिक करायचं ठरलं. मी पेनड्राइव्ह घेऊन खजिनदारांच्या घरी गेलो. त्यांच्या पडद्यावर आकृती उघडली, मंडळींनी “वा वा” केलं. मी पहिल्या व्हॉल्व्हवर टिचकी मारली. फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्यावर मारली, तेच. अकराव्यापर्यंत पोचेस्तोवर अध्यक्षांनी पोहे संपवले होते आणि खजिनदार मला समजावत होते की, “असू द्या हो, चित्र म्हणूनही चांगलं आहे.” चित्र म्हणूनही चांगलं! एखाद्याला घड्याळ द्यावं आणि त्याने भिंतीला शोभतं म्हणावं तसं झालं ते.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला शरण गेलो. ती दिवसभर अमेरिकेतल्या लोकांचे संगणक दुरुस्त करते, म्हणजे तिच्यात सहनशक्ती असणारच. तिने माझा एक दुवा उघडून त्याचा पत्ता वाचला आणि विचारलं, “काका, हा पत्ता कुणाच्या घरचा आहे?”

पत्त्यात आधी सी ड्राइव्ह, मग माझं नाव, मग माझा डेस्कटॉप, मग माझी फाइल. खजिनदारांचा संगणक बिचारा स्वतःच्या घरात माझं नाव शोधत होता. “आणि पेनड्राइव्हचा पत्ता दिला असता तरी भरवसा नाही,” ती म्हणाली. “तुमच्याकडे तो ई ड्राइव्ह असेल, त्यांच्याकडे एफ होईल. हा निरपेक्ष पत्ता. तुम्हाला सापेक्ष हवा. आधी आकृती सेव्ह करायची, तिच्या शेजारीच सगळे कागद एका फोल्डरमध्ये ठेवायचे, आणि दुवा लावताना सापेक्ष पत्त्याच्या चौकोनात खूण करायची. मग तो नुसतं एवढंच म्हणतो, माझ्या शेजारच्या फोल्डरमध्ये बघ. मग अख्खं बिऱ्हाड कुठेही हलवा.”

मी चक्रावलो. जन्मभर कीर्तनांतून निरपेक्ष राहण्याचा उपदेश ऐकला, आणि इथे निरपेक्षपणानेच घात केला होता! पण विचार केल्यावर पटलं. आम्ही पुण्याचे लोक पत्ता सांगतो तो कधी निरपेक्ष नसतो. घर नंबर आणि पेठ हा झाला निरपेक्ष पत्ता. त्यावर पोस्टमनखेरीज कोणी कुणाच्या घरी पोचल्याचं मला आठवत नाही. आपण सांगतो ते “मारुतीच्या मागे, गिरणीला लागून.” यात धोका एवढाच की गिरणी बंद पडते. रस्तारुंदीत वडाचं झाड जातं आणि “वडापासून डावीकडे” म्हणून सांगितलेली दहा-वीस माणसं पुढची कित्येक वर्षं रस्त्यावर उभी राहून वड शोधत असतात. वडाला त्याचा पत्ता नसतो, आणि सांगणारा तर केव्हाच जेवून झोपलेला असतो.

असो. तिच्या सांगण्याप्रमाणे सगळं नीट केलं. दुवे चालू लागले. मग दोन दिवसांनी मी संगणकाची साफसफाई काढली आणि ‘न्यू फोल्डर २’ या नावाची लाज वाटून त्याचं ‘सोसायटी पाणीपुरवठा’ असं बारसं केलं. पुन्हा अकराच्या अकरा दुवे मेले. या वेळी मात्र मी कुणाला शरण गेलो नाही. दुव्याचा पत्ता उचलून फोल्डरच्या वरच्या पट्टीत चिकटवला, कुठल्या नावाशी गाडी अडते ते पाहिलं, आणि एकेक दुवा दुरुस्त केला. एकेकावर टिचकी मारून पाहिली. एक उघडला, दोन उघडला, अकराही उघडले. त्या रात्री मी श्रीखंड खाल्लं.

आता मला जे सांगायचंय ते त्या टिचकीबद्दल आहे. मी तपासलं ते दुवा उघडतो का. काय उघडतं, हे नाही तपासलं.

२०२२ सालच्या मे महिन्यात आम्ही भाच्याच्या लग्नाला नाशिकला होतो. रात्री दोनच्या सुमारास आमच्या डक्टमधला सात नंबरचा पाइप सांध्यात फुटला. तळमजल्यावर त्या डक्टला लागून बाईंची मागची खोली. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात, तेव्हा वय एक्याऐंशी. पाणी खिडकीतून आत येऊ लागलं. खजिनदार धावत आले, त्यांनी संगणक लावला, आकृती उघडली, सात नंबरवर टिचकी मारली. दुवा उघडला. कागद आला, फोटो आला: गच्चीचा पश्चिम कोपरा, निळी पट्टी, उजवीकडे फिरवा. ते वर गेले, निळी पट्टीवाला व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून खाली आले. पाणी चालूच. पुन्हा वर गेले, आणखी घट्ट फिरवला. पाणी चालूच.

तो कागद तीन नंबरचा होता.

झालं होतं असं, की सातवा व्हॉल्व्ह मी वेगळा काढलाच नव्हता. तिसऱ्याची नक्कल करून खाली ठेवली आणि अंगावरचा आकडा बदलला. पण या प्रोग्रॅममध्ये आकृतीची नक्कल केली की तिचा दुवाही तिच्याबरोबर येतो. वरून सात, आतून तीन. चाळीस मिनिटं गेल्यावर वॉचमन जागा झाला, शांतपणे गच्चीत गेला आणि योग्य तो व्हॉल्व्ह बंद करून आला. त्याला ठाऊक होतंच. पण आकृती आल्यापासून त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

आम्ही परतलो आणि दोन दिवसांनी कमिटीची सभा झाली. खजिनदार म्हणाले, “मी आकृतीप्रमाणे केलं.” मी म्हणालो, “कागदावर वरती तीन नंबर लिहिलेला होता, तो तरी वाचायचा.” ते म्हणाले, “मी सातवर टिचकी मारली होती. सातवर मारल्यावर सातच आलंय का हे बघायचं, तर मग टिचकी कशाला मारायची?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. अध्यक्षांनी पोहे मागवले. सभेचा वृत्तांत लिहिणं हे सेक्रेटरीचं काम, आणि छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला असा वृत्तांत कसा लिहावा हे शिकवावं लागत नाही. मी लिहिलं: ‘तांत्रिक कारणामुळे व्हॉल्व्ह वेळेत बंद होऊ शकला नाही.’

ती प्रत प्रथेप्रमाणे फलकावर लागली. संध्याकाळी बाईंनी बोलावलं. त्यांच्या हातात चष्मा होता आणि आवाजात वर्गातला सूर.

“सेक्रेटरी, यातला तांत्रिक म्हणजे कोण?”

मी म्हणालो, “बाई, म्हणजे त्या प्रोग्रॅममध्ये दुवा...”

“कर्ता सांगा.”

एवढ्या वर्षांनी मला कोणी व्याकरण विचारत होतं. मी काही बोललो नाही. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही. उठून मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

खोलीत दोरीवर फोटो वाळत घातले होते. कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले, ओळीने. १९६४ ते १९९९, प्रत्येक वर्षी दहावीच्या, आणि त्याआधी अकरावीच्या, मुलांबरोबर काढलेला वर्गाचा फोटो. तळाच्या फळीवर होते, म्हणून भिजले. फोटो बरेचसे वाचले होते. पण प्रत्येकाच्या पाठीवर बाईंनी शाईच्या पेनाने मुलांची नावं लिहून ठेवली होती, ‘उभे, डावीकडून’ अशी. ती सगळी निळ्या डागात वाहून गेली होती. पुढे चेहरे होते, मागे आभाळ.

मी घरी आलो तो रात्रभर वाद घालत होतो. एकटाच, त्यामुळे जिंकायची शक्यता निम्मी तरी होती. बोट दाखवणाऱ्याची जबाबदारी कुठवर? मी कुणाला ढकललं नाही, फक्त बोट दाखवलं. चालणारे पाय त्यांचे, डोळे त्यांचे. उद्या मी कुणाला सांगितलं की अमुक डॉक्टर चांगले, आणि त्यांचं औषध लागू पडलं नाही, तर त्याला काय मी जबाबदार? असा बराच वेळ वकिली केल्यावर पाणी प्यायला उठलो आणि नळ सोडताना लक्षात आलं की माझा हा वकील जरा जास्तच हुशार आहे.

कारण सापडत नाही असं म्हणणारा दुवा प्रामाणिक असतो. खजिनदारांच्या घरी अकरा दुव्यांनी माझी फजिती केली, पण त्यांनी कुणाला फसवलं नाही. “माहीत नाही बुवा” म्हणणाऱ्या माणसापुढे आपण हात जोडून दुसऱ्याला विचारतो. आमच्याकडे हे वाक्य फार कमी लोकांना येतं, ही गोष्ट वेगळी. पत्ता विचारला की चौकातला माणूस माहीत नसलेल्या जागेचाही रस्ता आत्मविश्वासाने सांगतो. त्यात वाईट हेतू काही नसतो. उलट उपकार करायची हौस असते. माझ्या सात नंबरच्या दुव्यात तीच हौस होती. दुवा उघडला नसता तर खजिनदारांनी दुसऱ्या मिनिटाला वॉचमनला उठवलं असतं. तो उघडला, फोटोसकट उघडला, म्हणून त्यांची चाळीस मिनिटं गेली.

याच काळात मी दुव्यांविषयी जरा वाचलं. अपराधी माणूस वाचन फार करतो. टेड नेल्सन नावाच्या एका अमेरिकन माणसाने १९६५ साली हायपरटेक्स्ट हा शब्द जगापुढे आणला. त्याचं स्वप्न असं की दुवा दोन्ही बाजूंनी असावा. मी तुमच्याकडे बोट दाखवलं तर तुम्हालाही ते कळावं. पुढे १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्याचा आराखडा मांडला, त्या वेबमधला दुवा एकेरी आहे. कुणाचीही परवानगी न घेता कुणीही कुणाकडेही बोट दाखवावं. ही सोय होती म्हणून तर ते जाळं इतकं पसरलं. पण ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला ते माहीतच नसतं. तो खुशाल घर बदलतो. त्याच बर्नर्स-लींनी १९९८ साली पत्ते बदलू नका म्हणून लोकांना कळकळीने सांगितलं. लोकांनी ते माझ्याइतकंच ऐकलं.

मला हसू आलं ते निराळ्या कारणाने. दोन्ही बाजूंचा दुवा म्हणजे काय हे मला १९८० सालीच माहीत होतं; बँकेत चिकटलो तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कीर्दीत एक अरुंद रकाना असतो, त्यात खतावणीचं पान लिहायचं. आणि खतावणीत तसाच रकाना, त्यात कीर्दीचं पान. हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो याच्याकडे. खतावणीचं पान भरलं तर तळाशी शिल्लक पुढे नेली म्हणून लिहायचं आणि नव्या पानाच्या माथ्यावर मागून आणली म्हणून. एकाने घर बदललं तर दुसऱ्याला कळवल्याशिवाय चालतच नसे. आमचे हेडक्लार्क तर तो रकाना रिकामा दिसला की नोंद झालीच नाही असं धरत. आणि पान लिहिलेलं असलं तरी ते उघडून, बोट ठेवून, रक्कम मोठ्याने वाचायला लावत. “पान आहे हे मला दिसतंय,” ते म्हणत, “पानावर काय आहे ते सांगा.” मी तेव्हा त्यांना मनात खडूस म्हणत असे.

पुढच्या सभेत मी मागच्या वृत्तांतात दुरुस्ती सुचवली. ‘तांत्रिक कारणामुळे’ हे शब्द काढून ‘सात नंबरचा दुवा सेक्रेटरींनी तपासला नव्हता, त्यामुळे’ असं घालावं. अध्यक्ष हादरले. “अहो, कशाला लेखी? उद्या कोणी भरपाई मागितली तर?” खजिनदार म्हणाले, “माझंही नाव घाला मग, मी शीर्षक वाचलं नाही म्हणून.” एवढ्या वर्षांत त्या माणसाविषयी मला प्रथमच प्रेम वाटलं. मग वॉचमनला न उठवण्याचा दोष कुणाचा यावर वाद सुरू झाला आणि त्यात अख्खी कमिटी सामील झाली, कारण तो दोष सगळ्यांचा असल्याने कुणालाच परवडत होता. दुरुस्ती मंजूर झाली. आकृतीतला सातवा व्हॉल्व्ह मी पुसून नव्याने काढला. प्रत्येक कागदावरून आकृतीकडे परत येणारा दुवाही लावला. जाताना सात आणि येताना तीनवर पोचलो तर कळेल तरी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वॉचमनला बरोबर घेऊन गच्चीत जातो आणि बोट ठेवून मोठ्याने वाचतो. त्याला ते फार विनोदी वाटतं.

आणि दर रविवारी सकाळी बाईंकडे जातो. भरपाईचं त्यांनी नावही काढलं नाही. त्या भिंग घेऊन बसतात, मी शिसपेन्सिल घेऊन. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही. त्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवतात. हा पुढे मिरजेला डॉक्टर झाला. ही गणितात कच्ची होती पण गायची काय. हे दोघे जुळे, यांच्यात मी तेव्हाही घोटाळा करायची. मी पाठीमागे लिहीत जातो. काही नावं आठवत नाहीत तेव्हा त्या त्याच फोटोतल्या, जिचा नंबर अजून त्यांच्याकडे आहे अशा एखाद्या साठीच्या मुलीला फोन लावतात. ती मुलगी पलीकडून आधी उभी राहत असणार, असं बाईंच्या आवाजावरून वाटतं.

गेल्या रविवारी १९७४ चा फोटो होता. दुसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा, बारीक, कपाळावर केस, हसू दाबलेलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

“हा देशपांडे असावा.”

मी पेन्सिल टेकवली.

“थांबा. असावा म्हणाले मी.”

“मग काय लिहू, बाई?”

“काही लिहू नका. पाचवी जागा सोडा, आणि सहावीला मुजुमदार घ्या.”